गल्ली भिंतीवर काढणारे सर

थांबा, आधी भिंत सांगते, मंग सर सांगते. उलट सांगितलं तं लोक म्हणतात असा माणूस असूच शकत नाही, मी दोनतीनदा करून पाहिलं.

भंडाऱ्यात बसस्टँडपासून पायी दहा मिनिटं आमची गल्ली. गल्लीच्या तोंडाशी सरांचं घर, अन् घराले लांबलचक कंपाउंडची भिंत, चुन्यानं पांढरी केलेली. त्या भिंतीवर सर दरवर्षी आख्खी गल्ली काढत. गेरूनं. म्हणजे खरोखर आख्खी. प्रत्येक घराचा एक चौकोन, चौकोनात जितकी माणसं तितके टिपके, सहा वर्षांच्या आतलं पोट्टं असलं तं तिळाएवढा टिपका, अन् जो शिकायले नाहीतर नोकरीले पुण्या-हैदराबादले गेला त्याचा अर्धा टिपका. अर्ध्या चंद्रासारखा, अन् त्याचं पोट रस्त्याकडं. मी इचारलं होतं, सर, सगळ्याईचं पोट रस्त्याकडंच काहून? तं म्हणाले, "तोंड फिरवून गेला तरी पोट तं इथंच भरलं ना त्याचं."

सर भूगोलाचे मास्तर होते. रिटायर झाले तेव्हा शाळेनं शाल अन् नारळ दिला, अन् काही पाहिजे का इचारलं, तं सरांनी नाटकाच्या पडद्यासाठी आणलेला उरलेला गेरू मागून घेतला. तेव्हापासून भिंत सुरू. मी आली तोपर्यंत वीस वर्षं होऊन गेली होती. दरवर्षी भिंत पुसायच्या आधी सर जुना नकाशा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उतरवून घेत, त्या सगळ्या गुंडाळ्या त्याईच्या पलंगाखाली. एकदा त्याईनं मले त्या एकामागं एक जमिनीवर पसरून दाखवल्या अन् मी अक्षरशः वेडी झाली. गल्ली मोठी होताना दिसते हो! पहिल्या कॅलेंडरवर घराघरात हातोडी नाहीतर पान. हातोडी म्हणजे पितळेची भांडी ठोकणारे, पान म्हणजे बिड्या वळणारे. मंग एकएक हातोडी गायब. चौकोनांले वर चौकोन चढत जातात. मंग चार चाकं येतात. टिपके अर्धे अर्धे होत जातात. अन् जिथं सगळ्यात मोठा भांड्याचा कारखाना होता, सहा हातोड्या एका जागी, तिथं शेवटी एक उभा लंबा डब्बा, चार मजल्यांचा. ते आमचं अपार्टमेंट. आमचं म्हणजे, माहे भाऊजी तिथं वॉचमन आहेत.

मोजायची वेळ ठरलेली. दिवाळीत नाही. दिवाळीत घरं भरलेली असतात, सगळे पोरं आलेले असतात, ते सरांच्या मते खोटं चित्र. दिवाळीनंतर आजूबाजूच्या गावात मंडया, म्हणजे जत्राच, भरतात, नाटकं होतात, पाहुणे चारआठ दिवस आणखी राहतात. "मंडया संपल्या, पाहुणे गेले, की मंग जे उरते थे खरी गल्ली," असं सर म्हणत. मंग भर थंडीत कानटोपी घालून, हातात छत्री घेऊन निघत. ऊन नाही पाऊस नाही, छत्री कायले? तं उंबरठ्यावर वाजवायले. ठक ठक. बेल कधीच दाबत नसत. बेल दाबली की माणूस तयार होऊन येते, म्हणे.

अन् प्रश्न तीनच. कोण आलं? कोण गेलं? आता काय खाता?

पगार कधीच नाही इचारायचे. "पगार इचारला तं मानूस खोटं बोलते, जेवन इचारलं तं खरं सांगते." आता भंडारा जिल्हा म्हणजे धानाचा, त्याच्यामुळं सरांचं सगळं गणित भातावर होतं. राशनचा जाड तांदूळ असला तं चौकोनात जाड दाणा. बारीक तांदूळ आला तं लंबा दाणा. वासाचा चिन्नोर तांदूळ खात असतील तं दाण्याले शेपटी, वासाची. मस्त चाललं होतं. अन् मंग काही वर्षांमागं अपार्टमेंटमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आम्ही रात्रीचा भात बंद केला. सर दारातच उभे राहिले. पैशाची अडचण आली का, असं त्याईनं हळूच इचारलं म्हणे. बाई हसल्या, नाही हो, वजन. मंग तिसऱ्या मजल्यावरही बंद. मंग चौथ्या. सर खाली आले ते डायरेक्ट भाऊजीच्या खुर्चीवर बसले. भाऊजी अजून तो डायलॉग मारून दाखवतात: "आधी ज्याच्या घरी भात नाही थो गरीब. आता ज्याच्या घरी भात नाही थो श्रीमंत. माह्या नकाशाची वाट लागली न बे." त्या वर्षीपासून रिकामी थाळी हे नवीन चिन्ह आलं, अन् ते सगळ्यात वरच्या मजल्यांवर.

लोक भिंत लय मनावर घेत. गेरू वाळला की संध्याकाळी गर्दी. आमच्या घरात फ्रीज आला तो काढला नाही, आमच्या सूनबाईचा टिपका लहान काहून. एका काकांनी तं मोजणीच्या दिवसात साळ्याची कार आणून आपल्या दारासमोर उभी केली, नकाशात यावी मनून. सर आले. कारच्या भोवती फिरले. वाकून खाली पाहिलं. अन् म्हणाले की हिच्याखाली कुत्रं झोपत नाही, म्हणजे ही गाडी गल्लीची नाही. गेले पुढं. काका आजही भिंतीवर सायकलवर आहेत.

पण दुसरी गोष्ट ऐका. गल्लीत शेवटची बिडी वळणारी एक म्हातारी होती, तिनं काम सोडलं. नातवानं सांगितलं, सर, आता पान खोडा, आजी घरीच बसून राहते. सर तिच्याशी बोलत बसले, अर्धा तास, पोरीची, जावयाची चौकशी. बाहेर आले अन् पान तसंच काढलं. नातू म्हणे, सर, सांगतलं ना तुमाले. सर म्हणे, "तिचे बोटं पाहिले का तू? बोलता बोलता वळूनच राहिली थे." पुढच्या वर्षी आजीच गेली.

अन् एक नियम, हा नीट ध्यानात ठेवा. वर्षाच्या मधात भिंत पुसायची नाही. कोणी मेलं, कोणी घर विकलं, काही झालं तरी नाही. मंडया संपेपर्यंत जो भिंतीवर आहे तो गल्लीचा. सरांची बायको चैत्रात गेली तेव्हाही त्याईनं तिचा टिपका तसाच ठेवला, दिवाळीनंतर इतरांसारखाच पुसला. हे मले सेविकाबाईंनी सांगितलं. सेविकाबाई म्हणजे गल्लीतल्या अंगणवाडीच्या. त्या आता येतील.

आता मी. मी नाकाडोंगरी गावची. बारावी झाली अन् कॉलेजसाठी भंडाऱ्याले ताईकडं राहायले आली, साडेतीन वर्षं झाले. पहिल्या दिवशी पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी, मोबाइलमधला नकाशा मले नालीत पाठवून राहिला होता. सर भिंतीसमोर उभे. कोणाकडं जायचं, असं इचारलं. मी म्हणलं, अपार्टमेंटच्या वॉचमनकडं. त्याईनं छत्रीच्या टोकानं लंबा डब्बा दाखवला. मी त्या डब्ब्यात ताईचा टिपका शोधला, भाऊजीचा शोधला. माही भाची तेव्हा दीड वर्षाची होती, तिचा तीळ शोधला. काहीच नव्हतं. चार मजले, आठ फ्लॅट, सगळं होतं, आमी नव्हतो. मले वाटलं असंल काहीतरी सिस्टीम. नवीन माणूस काय बोलणार. मी काही बोलली नाही, अन् अडीच वर्षं बोलली नाही.

आमची खोली पार्किंगच्या मागं आहे. टिनाची. एका अंगाले मागची सांद, म्हणजे घरांच्या पाठीमागची ती अरुंद बोळ, जिथून नाली जाते. ताई वरच्या तीन फ्लॅटमध्ये स्वयंपाक करते, सकाळी नऊ ते एक. भाऊजी गेटवर. माहं कॉलेज सकाळचं. अन् भाची दहा ते दोन अंगणवाडीत, घरापासून पन्नास पावलं. आमचा आख्खा संसार त्या पन्नास पावलांवर उभा आहे, हे मले तेव्हा समजलं जेव्हा ते पावलं जायची वेळ आली.

मागच्या थंडीची गोष्ट. अंगणवाड्यांच्या सरकारी ऑफिसमधून एक सर्व्हेवाला आला, नवीनच लागलेला, जॅकेट-बिकेट घालून. कोणत्या अंगणवाडीले किती लेकरं आहेत, गरज आहे का नाही, ते पाहायचं होतं. घरोघरी जायचं होतं त्याले. पण गल्लीच्या तोंडाशीच भिंत दिसली. सरांले इतका आनंद झाला की काय सांगू. पहिल्यांदा कोणी सरकारी माणूस भिंत पाहून राहिला होता! त्याले बसवलं, चिवडा दिला, दोनदा चहा दिला, तीन तास एकएक चौकोन समजावून सांगितला. सर्व्हेवाल्यानं भिंतीचा फोटो काढला, थँक्यू म्हणला, अन् निघून गेला. एका उंबरठ्यावर पाय नाही ठेवला त्यानं.

आता भिंतीवर काय होतं? चार चाकं. लंबे दाणे, रिकाम्या थाळ्या. अर्धे अर्धे चंद्र. अन् तीळ किती? चार. तेही व्हॅननं कॉन्व्हेंटले जाणारे. महिन्याभरात अंगणवाडीच्या दारावर कागद लागला की ही वस्ती आता सुधारलेली आहे, लाभार्थी कमी आहेत, अंगणवाडी हायवेच्या पलीकडच्या नव्या वस्तीत हलवण्यात येत आहे, हरकत असेल तर पंधरा दिवसात कळवावे.

सेविकाबाई तो कागद घेऊन आमच्या टिनात आल्या. त्या रडणाऱ्यातल्या नाहीत, चिडणाऱ्यातल्या. त्याईनं बोटावर मोजलं: आमची एक, पाण्याच्या टाकीखालच्या खोलीतले दोन, होस्टेलच्या मागच्या खोल्यांतले तीन, स्लॅबचं सेंट्रिंग करणाऱ्याचे दोन. आठ लेकरं रोज खिचडी खायले येतात अन् कागद म्हणते लाभार्थी नाहीत. ताई डब्बा घासत राहिली. हायवे ओलांडून भाचीले कोण नेणार अन् कोण आणणार? एक तं ताईनं दोन घरं सोडावी, नाहीतर मी कॉलेज सोडावं. त्या संध्याकाळी बाबाचा फोन आला, ताईनं सांगितलंच असंल, अन् बाबा एकदम सरळ म्हणले, जमत नसंल तं ये वापस, इथं काम हाये. रागानं नाही म्हणले. त्याच्यानंच मले भेव वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी भाचीले कडेवर घेतलं अन् सरांकडं गेली. रस्ताभर भाषण पाठ केलं होतं. तिथं पोहोचली अन् सगळं विसरली.

"सर, आमी कुठं आहो?"

सर हसले. छत्री उचलली, डब्ब्यावर ठेवली. "हे काय, अपार्टमेंटात."

"कोण्या मजल्यावर?"

छत्रीचं टोक पहिल्या मजल्यावर गेलं, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. परत खाली आलं. भाचीनं छत्रीले हात लावला, तिले वाटलं खेळ चालू आहे. मंग सर असं काही बोलले की मले पहिले राग आला अन् मंग दया आली.

"तुमच्या खोलीले उंबरठा नाही."

तेच होतं ते! मुद्दाम नव्हतं. वीसबावीस वर्षांमागं त्याईनं नियम बनवला की उंबरठा तिथं घर, छत्री वाजवली, प्रश्न इचारले, पुढं गेले. तेव्हा गल्लीत प्रत्येक घराले उंबरठा होता. मंग गल्लीत पैसा आला, फ्लॅट आले, अन् फ्लॅटच्या मागोमाग त्याईचं धुणारे, रांधणारे, राखण करणारे आले, अन् ते राहायले लागले पार्किंगमधी, टाकीखाली, जिन्याखाली. तिथं उंबरठा कोण बसवते. छत्री वाजायले जागाच नाही.

मी म्हणलं, पाणी आत येते मनून भाऊजीनं दारात एक वीट ठेवली आहे, तेवढीच.

सर चप्पल घालून माह्यासोबत निघाले. सांदीतून. ज्या गल्लीचा त्याईले दगड न् दगड माहीत होता तिच्या पाठीमागं सर पहिल्यांदा चालून राहिले होते, नालीच्या काठानं, छत्री टेकत. आमच्या दाराशी उभे राहिले, खाली वीट पाहिली, अन् विटेवर छत्री वाजवली. ठक ठक. ताई घाबरून बाहेर आली.

सरांनी तिले तिन्ही प्रश्न इचारले, एकदम रीतसर. कोण आलं, कोण गेलं. अन् आता काय खाता.

ताई म्हणली, "भात. वरचे लोक राशनचा तांदूळ खात नाहीत न सर, थे आमालेच देतात. दुसऱ्या मजल्याचा, तिसऱ्याचा, सगळा आमच्याच घरी येते."

सर विटेवरच बसले.  त्याईचे डोळे असे चमकून राहिले होते जसे काही हरवलेलं सापडलं. "म्हंजे भात गल्लीतच होता," म्हणाले. "मीच वरच्या मजल्यावर शोधून राहिलो होतो."

दोन दिवस आम्ही दोघं सांदीतून फिरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी सर चुन्याची बादली घेऊन भिंतीसमोर उभे. लोक जमले. मधातच पुसता का सर, साल बाकी हाये अजून! एक जण म्हणे आमची नवीन गाडी आत्ताच तं आली भिंतीवर. सरांनी कोणाकडं पाहिलं नाही. कुंचला बुडवला अन् पहिल्या चौकोनापासून मारत सुटले.  मंग नवीन नकाशा काढला, अन् तो मागच्या बाजूनं. सांद समोर, रस्ता पाठीमागं. पहिल्या ओळीत टिनाच्या खोल्या, टाकीखालच्या खोल्या, अन् प्रत्येकीच्या दारात एक लहान लाल वीट. तीळ मी काढले, सरांनी गेरूची काडी माह्या हातात देली. आठ. भाचीचा जरा मोठा झाला, पसरला.

मंग हरकत द्यायले ऑफिसात गेलो, सर, सेविकाबाई अन् मी. सरांनी कागदावर लिहिलं होतं की माझा नकाशा चुकला आहे, तो धरू नये. बस. खाली सही, निवृत्त भूगोल शिक्षक. ते वाक्य लिहायले त्याईले आख्खी सकाळ लागली होती, मी पाहिलं ना, चार कागद फाडले.

तिथले साहेब चांगले होते, सर्व्हेवाल्यालेही बोलावलं, चहा मागवला. पण म्हणाले की काका, तुमची भिंत म्हणजे काही सरकारी रेकॉर्ड नाही, तिचा नवीन नकाशा आम्ही कसा मानणार.

सर कानटोपी काढून हातात घेऊन बसले होते. शांतपणे इचारलं, "मंग पहिल्यांदा फोटो काहून काढला?"

साहेबानं सर्व्हेवाल्याकडं पाहिलं. सर्व्हेवाल्यानं चहाकडं पाहिलं. सेविकाबाई तं टेबलाखाली माहा हात इतका दाबून राहिल्या होत्या की अजून आठवते.

त्या आठवड्यात साहेब स्वतः आले. सर त्याईले सांदीतून घेऊन गेले अन् प्रत्येक विटेवर छत्री वाजवली. आठच्या आठ लेकरं आपापल्या मायच्या कडेवर नाहीतर पदराले धरून उभे. साहेबानं नावं लिहून घेतले. दारावरचा कागद पंधरा दिवसांनी निघाला. अंगणवाडी तिथंच आहे, ताईचे तिन्ही घरं आहेत, मी कॉलेजच्या चौथ्या, शेवटच्या वर्षाले आहे. पुढं काय होईल माहीत नाही, पण सध्या आहे.

पण सर नाहीत. पावसाळ्यात गुडघा गेला अन् मुलगा पुण्याले घेऊन गेला. जाताना पलंगाखालच्या सगळ्या गुंडाळ्या सोबत नेल्या अन् छत्री मले देऊन गेले.

यंदा मंडया संपल्या तशी मी कानटोपी घालून निघाली. ठक ठक. लोक आधी हसले, मंग सांगायले लागले. चुना भाऊजीनं मारला, तीळ भाचीनं काढले, आता ती पाच वर्षांची आहे, तिले वाटते भिंत तिचीच आहे. सगळं झाल्यावर सरांले व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालली. सर चष्मा कपाळावर नेऊन पाहून राहिले होते, मधात मधात, थांब, मागं ये, हा कोण नवीन, असं चालू. मंग मीच इचारलं, सर, आता काय खाता?

सरांनी मागं वळून पाहिलं, खोलीत कोणी नाही ना ते, अन् हळू आवाजात म्हणाले, "सूनबाईनं रात्रीचा भात बंद केला न व."

मी इतकी हसली की मोबाइल पडला असता. त्याईच्या घराच्या चौकोनात रिकामी थाळी काढावी लागली, नियम म्हणजे नियम. अन् टिपकाही अर्धाच काढला होता. सरांनी तो बरोबर शोधला.

"पोट कोन्या बाजूनं हाये याचं?"

मी मोबाइल जवळ नेला. सगळे अर्धे चंद्र रस्त्याकडं पोट करून आहेत. सरांचा एकट्याचा मी सांदीकडं केला, विटांकडं.

सरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.  मंग मास्तरवाला आवाज काढला, "नियम मोडला तू. चुकला हा नकाशा."

मी म्हणलं, "चुकला असंल तं या, अन् पुसा."